माईंचा कोबी

तीर्थरूप माईंना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरं म्हणजे एकही हात मोकळा नाही. डावा तुमच्या बहिणीच्या नातीच्या पाठीवर आहे आणि उजव्यात पेन आहे. पण मनाने जोडलेत, ते गोड मानून घ्यावेत.) तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी डावा जास्त दुखतो म्हणालात की उजवा, ते नीट कळलं नाही, कारण मध्येच "हे यंत्र खरखरतंय" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. ज्या माणसाने उभी हयात टेलिफोन खात्यात लोकांच्या लाइनमधली खरखर शोधण्यात घालवली, त्यालाच हे ऐकवलंत, पण असो. दोन्ही गुडघ्यांना आराम पडो. इकडे सर्व कुशल आहे. (पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचा मजकूर वाचताना हे वाक्य विसरून जावं.) फोन सोडून पत्र का, तर तुम्हाला फोन आवडत नाही हे एक कारण. दुसरं असं की लेकीचं घर दोन खोल्यांचं, भिंती पापडासारख्या, या खोलीत कुजबुजलं तर त्या खोलीतून उत्तर येतं. आणि मला जे लिहायचंय ते लेकीच्या कानावर जाऊन चालणार नाही.

मी इथे आलो त्याला आता बरेच दिवस झाले. पहिल्या बाळाच्या वेळी मुलीजवळ आई असावी, पण तुमची बहीण दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तिच्या जागी मी आलो. बदलीवर माणूस पाठवावा तसा. बॅगेत चार शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि सवयीने टाकलेला टेस्टर. बाळाला कसं धरायचं हे मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे, पण त्याने कुणाचं काही भलं झालेलं दिसत नाही. नात दिसायला गोड आहे, कपाळ थेट तुमच्या बहिणीचं. तिला मी हेड ऑफिस म्हणतो, कारण तिचे हुकूम लेखी येत नाहीत आणि त्यावर अपील चालत नाही. दिवसभर शहाण्यासारखी राहते. दिवेलागणीला मात्र गुडघे पोटाशी घेते, मुठी आवळते, तोंड लालबुंद करते आणि असा टाहो फोडते की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून छताकडे बघतो. पाजायला घ्यावी तर दोन घोट पिते, अंग ताणून मागे जाते, पुन्हा झडप घालते, पुन्हा सोडते आणि आईकडे असं बघते, जणू आईनेच तिला फसवलंय. बिचारी आई तो आरोप कबूल करून टाकते. सगळ्यांचं निदान एकच, पोटात हवा धरते. एवढंसं पोट, माई, माझ्या तळहाताएवढं. त्यात एवढी हवा मावते कशी हे मला अजून उमगलेलं नाही.

त्यामुळे या घरात सध्या ढेकर सोडून दुसरा विषय नाही. जावई कामावरून येतो तो दारात बूट काढायच्या आधी विचारतो, "आला का?" शिंपी जिन्यात गाठून विचारतो. शिंप्याची बायको तर कपडे वाळत घालता घालता खालूनच ओरडून विचारते, आणि मी गॅलरीतून नकारार्थी मान हलवतो, मग समोरच्या इमारतीतल्या दोन अनोळखी बायकाही हळहळतात. मी आयुष्यात बढतीची वाट पाहिली, पेन्शनची पाहिली, पण इतका जीव टांगणीला लावून कशाची पाहिली नव्हती. आणि तो येतो तेव्हा एकटा येत नाही. माझ्या चारही शर्टांच्या डाव्या खांद्यावर आता दुधाचे कायमचे नकाशे आहेत. इस्त्रीवाला पैसे घेताना नजर चुकवतो.

जावयाबद्दल तक्रार नाही. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, स्वभावाने गाय आहे. त्याच्या गाडीत त्याच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो, शिकणाऱ्याने घोळ घातला की दाबायला. त्याचा परिणाम असा झालाय की घरात बाळ रडलं की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. बाळ थांबत नाही, तो मात्र बसल्या जागी थांबतो. एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं की गाडीच्या हालचालीने बाळाला बरं वाटेल. शिकवणी एका बंद पडलेल्या गिरणीच्या मोकळ्या आवारात चालते, तिथे गाडी माणसाच्या चालीने चालते, शिवाय ब्रेक त्याच्या पायाखाली. मी मागे बसलो, हेड ऑफिस खांद्यावर, रडणं जोरात. पुढे शिकायला एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. रडणं आपल्याच ड्रायव्हिंगमुळे चाललंय अशी त्यांची समजूत झाली. घाबरून त्यांनी क्लच असा सोडला की गाडी जागच्या जागी उडाली, आणि माई, माझ्या खांद्यावर असा ढेकर आला की बाईंनी गाडी बंद पाडली आणि मागे वळून "सॉरी" म्हणाल्या.

जावयाने आणि मी आरशातून एकमेकांकडे पाहिलं. सासरा-जावयाचं आयुष्यात इतकं एकमत कधी झालं नव्हतं. तो म्हणाला, "छान, बाई. पुन्हा तसंच करा." दुसऱ्या दिवशीपासून त्याने बाईंना जादा तास फुकट द्यायला सुरुवात केली. बाईंचा ऊर भरून आला, एवढी आपुलकी बँकेतही कुणी दाखवली नव्हती म्हणाल्या. रोज संध्याकाळी चार हिसके, एक ढेकर. पण नशीब आमचं फुटकं. फुकटच्या सरावाने बाई शिकल्या. एके दिवशी गाडी अशी सुटली की कपातला चहासुद्धा हलला नसता. जावई "उत्तम" म्हणाला, पण इतकं पडलेलं तोंड करून कुणाचं कौतुक झालेलं मी पाहिलेलं नाही. त्या संध्याकाळी ढेकर आला नाही. आम्ही परत आलो तेव्हा लेक गॅलरीत उभी होती. मी तिला सांगून गेलो होतो की आम्ही नसताना चार घास खाऊन घे आणि पड जरा. ताट झाकलेलंच होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. (इतका वेळ येत नव्हतो, कारण यायची हिंमत होत नव्हती.) बाळ रडायला लागलं त्या पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "तिचा कोबी बंद करा आधी. आई कोबी खाते आणि लेकरू भोगतं." आणि फोन ठेवलात. तुमचा शब्द लेकीला आईच्या शब्दासारखा, किंबहुना आई गेल्यापासून तोच आईचा शब्द. कोबी त्याच दुपारी घराबाहेर गेला. संध्याकाळी हेड ऑफिस बिनबोभाट झोपलं. तुमचा दोष नाही, माई, पण माझं डोकं तिथे फिरलं. खात्यात दोष शोधायची एक रीत असते. लाइनमध्ये खरखर असली की एक जोडणी सोडवायची आणि कान लावायचा. खरखर थांबली तर दोष तिथे. नाही थांबली तर ती जोडणी परत जोडायची, मग दुसरी सोडवायची. मी उमेदीची वर्षं हेच केलं आणि माझ्या हाताखालून एकही लाइन मुकी गेली नाही. तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या हातखंड्याचं काम आहे.

दुसऱ्या संध्याकाळी रडणं परत आलं. मी कांदा सोडवला. मग फ्लॉवर, कोबीचा नातेवाईक म्हणून नुसत्या संशयावरून. मग शेंगा, अंडी, दूध, चहा. काकडी अगदी निर्दोष होती, पण तिच्याविरुद्ध शिंप्याच्या बायकोने साक्ष दिली. संत्र्याचं नाव जावयाने घेतलं, कारण संत्र्याने त्याला स्वतःला पित्त होतं. एखाद्या संध्याकाळी बाळ शांत राहिलं की सोडवलेला पदार्थ गुन्हेगार ठरायचा, आणि रडलं की तो एकटा नव्हता असं ठरायचं. सुटका कुणाचीच नाही. आणि या धांदलीत मी रीतीचा दुसरा भाग साफ विसरलो. सोडवलेलं परत जोडलं नाही. नोकरीत असं केलं असतं तर अख्खं गाव मुकं झालं असतं आणि मला साहेबाने उभं जाळलं असतं. इथे साहेब नव्हता. लेक विश्वासाने एकेक गोष्ट ताटातून काढत गेली. शेवटी ताटात मऊ भात आणि उकडलेलं गाजर उरलं. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. दोन जिवांचं पोट भरणारी बाई, आणि आजाऱ्याला देतात त्याहून कमी अन्न. तिच्या मनगटावरचं घड्याळ आता कोपरापर्यंत जातं. भांडी घासताना तिला ते वर सरकवून ठेवायला सोयीचं वाटतं म्हणते.

मग बाळाच्या वजनासाठी दवाखान्यात गेलो. बाळाचं वजन उत्तम वाढतंय. नर्सने बाळाला सोडून आईकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही जेवता का?" तिने आपल्यासमोर बाळाला पाजायला लावलं. मी पुरुषमाणूस, बाहेरच्या बाकावर बसलो होतो, पण कान खात्याचे आहेत, पडद्यामागचं सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, बाळाच्या तोंडात नुसतं टोक जातंय, म्हणून ते दुधाबरोबर हवा गिळतंय. बाळाचं पोट आपल्या पोटाला लागेल असं जवळ घ्या, तोंड मोठं उघडू द्या, हनुवटी टेकू द्या. रडेपर्यंत थांबू नका, रडतानाही बाळं हवा गिळतात. एका बाजूचं पिऊन झालं की उभं धरा, घाई करू नका. आडवं असताना पाय सायकल चालवल्यासारखे हलवा. या वयात असं होतं आणि काही महिन्यांत जातं. आणि तुम्ही सगळं खा, तुमच्या जेवणाचा याच्याशी संबंध दिसत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मी बाकावर बसल्या बसल्या घामाघूम झालो. शेजारच्या माणसाने मला पंख्याखालची जागा दिली.

नर्सने सांगितलं तसं लेकीने सगळं केलं, एक गोष्ट सोडून. आणि माई, फरक पडला. टाहो गेला, कुरकुर राहिली. हेड ऑफिस दूध पिताना आता डोळे मिटतं. शिंप्याने मशीनवरून मान वर करणं सोडलं. तुम्ही म्हणाल, मग रडगाणं कशाला? तर नर्सकडे गेलो त्याच दिवशी सकाळी लेकीने माझ्या नकळत गाजरही बंद केलं होतं. बाळ शांत झालं तशी ती माझ्याजवळ आली, गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात, आणि म्हणाली, "बाबा, गाजर होतं हो. शेवटी गाजर निघालं." खात्यात पहिल्या दिवशी शिकवायचे, दोन गोष्टी एकदम बदलू नका, दोष गेला तर कशाने गेला हे जन्मात कळणार नाही. मी तिला हे समजावलं. नर्सचं सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेते. मग म्हणते, "तुमचीच तर पद्धत होती बाबा. बरोबर होती तुमची पद्धत." मला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात वाईट प्रशस्तिपत्र.

काल मी एक अंडं उकडून तिच्या ताटात ठेवलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू मी ताटात विंचू ठेवलाय. मग म्हणाली, "इतके दिवस तिला माझ्यामुळे दुखत होतं. मी खात होते आणि ती भोगत होती." आणि नुसता भात खात राहिली. ती रडते असं नाही म्हणता येत, हुंदका नाही, आवाज नाही. डोळ्यांतून पाणी येत राहतं आणि ती खात राहते. अंडं नंतर मी खाल्लं. टाकवेना, म्हणून खाल्लं. माई, मला भीती वाटते. बाळाची आता वाटत नाही. बाळ गुबगुबीत आहे, त्याला ढेकर येतो. माझं बाळ वाळत चाललंय आणि त्याच्या पाठीवर कुठे थोपटायचं हे मला कळत नाही.

असो. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला उगाच काळजीत टाकलं. माझी तशी काही मागणी नाही, मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. गुडघ्यांना शेक देत जा, जिना शक्यतो टाळा. हेड ऑफिसचा तुम्हाला नमस्कार. (ती आत्ता झोपेत हसली, तोच समजावा. नर्सच्या मते ती हवा असते.)

आपला,
धाकट्या बहिणीचा यजमान

ता. क. मागणी नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. कृपा करून तुमचा कोबी मागे घ्यावा. तुमचा सल्ला चुकला असं माझं म्हणणं नाही, तुम्हाला तसं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. पण मी, नर्स, जावई, शिंपी, सगळे सांगून थकलो. लेक म्हणते, "मावशीने सांगितलं तर बघू." तुम्ही एका ओळीत लिहा की कोबीची आता परवानगी आहे. कोबी सुटला की बाकीच्यांना मी जामिनावर सोडवतो.

ता. क. दुसरा. पत्र तिच्या नावाने टाकावं, माझ्या नाही. मी तुम्हाला लिहिलं होतं याचा त्यात वासही नको. सुरुवातीला थोडं गुडघ्यांबद्दल लिहा म्हणजे खरं वाटेल.

ता. क. तिसरा. हे पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं आहे, कडा फाटलेली दिसेल, माफ करा. आज दुपारी बाळाला मांडीवर घेऊन तिने मला विचारलं, "बाबा, मी एवढीशी असताना आई काय खायची?" माझी तेव्हा खेड्यापाड्यांत नव्या तारा टाकायला नेमणूक होती, तुम्हीच येऊन तुमच्या बहिणीजवळ राहिला होतात. तिचं हसणं मला आठवतं, चालणं आठवतं, दाराची कडी लावायची तिची रीत आठवते. ती काय जेवायची ते मला माहीत नाही. मी लेकीला म्हटलं, मावशीला माहीत असेल. तर ते लिहा, माई. ती पोटभर जेवायची, कोबी खायची, कांदा खायची, अंडी खायची, आणि तरी तू अशी ठणठणीत वाढलीस, असं लिहा. तसंच घडलं असेल तर उत्तमच. आणि ती बिचारीसुद्धा नुसत्या भातावर राहिली असेल, तर एवढं एकदाच खोटं लिहा. तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत हे लेकीला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.